नवी बॅटरी, बनवलेला आल्टरनेटर, तरी सकाळी सेल्फ कट-कट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं चार्जिंगचीच आहेत. पाऊस लागला की हे असंच होतं, रात्रीचे लाईट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर असं सगळं एकदम चालू राहतं आणि उन्हाळाभर दबून राहिलेलं दुखणं वर येतं. म्हणून इंजिन, गिअर, टायरचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, हा महिना पूर्ण चार्जिंगला, म्हणजे चालत्या इंजिनवर आल्टरनेटरने वीज बनवून बॅटरी भरण्याच्या कामाला देतोय. पहिलं पत्र जरा मोठं आहे पण मी ते कापलं नाही, कारण त्यातल्या शेवटच्या दोन ओळींत अख्खं उत्तर आहे.

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे २००७ ची डिझेल पिकअप आहे. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी असा माल भरून रात्री साडेनऊ-दहाला निघतो, आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट. मागच्या गणपतीत जुनी बॅटरी बसली, नवीन टाकली. ती होळीपर्यंत गेली, दुकानदार म्हणाला तुमच्या गाडीचं चार्जिंग खराब आहे म्हणून वॉरंटी मिळणार नाही. मग आल्टरनेटर उतरवून बनवून घेतला, कार्बन, बेरिंग, कटआउट सगळं नवीन, वायरमनने बेंचवर फिरवून दाखवला, चौदाच्या वर देत होता. दुसरी नवीन बॅटरी टाकली. आता तिचं पण तेच चाललंय. सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता कट-कट करतो, चार माणसांनी धक्का मारला की लगेच चालू. चार्जिंगचा लाल दिवा चावी दिल्यावर पेटतो, गाडी चालू झाली की विझतो, त्यात काही चूक दिसत नाही. घाटात वायपर आणि लाईट एकत्र लावले की उजेड पिवळा पडतो, रेस दिली की थोडा वाढतो, पुढचं वळण नीट दिसत नाही आणि खरं सांगतो भीती वाटते. घरचे म्हणतात विकून टाक. अजून एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही पण सांगतो, मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आधी क्लच प्लेट टाकली तेव्हा गिअर बॉक्स खाली उतरवला होता. आणि परवा सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारून बॉनेट उघडलं तर ॲक्सिलरेटरची केबल हाताला चांगली गरम लागली. इंजिन तर थंडगार होतं, मग केबल कशी गरम?
*(एक वाचक, ता. जुन्नर)*

उत्तर : दादा, गाडी विकू नका. आणि तिसरी बॅटरी तर अजिबात घेऊ नका.

पत्रात तुमचा नंबर होता म्हणून मी फोन केला आणि साधा डिजिटल मल्टीमीटर घ्यायला सांगितला, इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतो. त्यावर चार मापं घेऊन कळवा म्हटलं. ज्या वाचकांना हीच तक्रार आहे त्यांनी पण हीच चार मापं घ्यावीत म्हणून इथे पूर्ण देतोय. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. पहिलं माप, गाडी रात्रभर उभी, चावी न लावता, मीटरच्या टोच्या थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवून, त्यावर बसवलेल्या क्लिपवर नाही. आलं १२.१. दुसरं, गाडी चालू, हेडलाईट आणि ब्लोअर चालू, थोडी रेस धरून पुन्हा त्याच दोन खुंटांवर. आलं १३.१. तिसरं, त्याच वेळी आल्टरनेटरवर, लाल टोच त्याच्या मागच्या जाड वायरच्या नटाला आणि काळी आल्टरनेटरच्या बॉडीला, रंग-घाण नसलेल्या जागी. आलं १४.२. आणि चौथं, लाल टोच आल्टरनेटरच्या बॉडीला, काळी बॅटरीच्या मायनस खुंटाला. आलं ०.९, समोर मायनसची खूण होती म्हणून दादांना वाटलं काहीतरी उलटं लावलं. खुणेकडे बघायचं नाही, आकडा बघायचा.

आता नीट बघा. आल्टरनेटर स्वतःच्या अंगावर १४.२ देतोय म्हणजे वायरमनने काम चोख केलंय, त्याच्यावर राग धरू नका. पण बॅटरीपर्यंत पोचतायत १३.१. मधले १.१ व्होल्ट गेले कुठे? ०.९ तर मायनसच्या बाजूला सापडले, राहिलेले ०.२ प्लसच्या जाड वायरीत, तेवढं चालतं. म्हणजे चोर मायनसच्या रस्त्यावर आहे, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही.

आपण सगळे समजतो की करंट आल्टरनेटरमधून निघाला, लाल वायरीने बॅटरीत गेला, संपलं. तसं नसतं. तो फेरा मारतो. बॅटरीतून पुढे मायनसच्या वायरीने चासीत उतरतो, चासीतून इंजिनच्या अंगावर आणि तिथून आल्टरनेटरच्या बॉडीत परत येतो. आणि इंजिन तर चासीवर रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअर बॉक्सपासून चासीपर्यंत एक पट्टी लावलेली असते, तांब्याच्या तारांची विणलेली, नाहीतर जाड काळी वायर. आमच्या धंद्यात तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. गिअर बॉक्स उतरवताना ती काढावीच लागते. आणि चढवताना काय होतं ते मी सत्तावीस वर्षं बघतोय, एक तर ती लावायचीच राहते कारण तिच्याशिवाय पण गाडी चालू होते, नाहीतर रंग आणि ऑईलच्या थरावर तशीच ठेवून वरून बोल्ट आवळतात. वरून बघितलं तर बोल्ट टाईट, पट्टी जागेवर, सगळं ठीक. खाली चिकटतंय मात्र रंगाला.

तुमचं दुखणं क्लच प्लेटनंतर चार महिन्यांनी वर आलं, हा हिशोब जुळतो. आणि केबल गरम होण्याचा पण जुळतो. सेल्फ मारताना डिझेल गाडी दोनशे-तीनशे ॲम्प सहज ओढते. तो करंट इंजिनच्या अंगातून परत बॅटरीकडे जायला रस्ता शोधतो, पट्टीतून जायला मिळालं नाही की जिथे लोखंड लोखंडाला लागलंय तिथून जातो, ॲक्सिलरेटर केबल, क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सरचा हँगर. केबलची बारीक तार, तिच्यातून एवढा करंट, ती तापणारच. मी एका गाडीत केबलचं आतलं प्लास्टिक वितळून ॲक्सिलरेटर अडकलेला बघितलाय, उतारावर अडकला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. त्यामुळे ही नुसती सकाळी धक्का मारायची कटकट नाही, हे आजच्या आज करायचं काम आहे.

खात्री करायची असेल तर खर्च न करता होते. जंप द्यायची जाड केबल असते ना, त्यातली एकच घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटाला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, लिफ्टिंगचा हुक असतो तो सगळ्यात चांगला. पट्ट्यापासून, पंख्यापासून लांब. आता सेल्फ मारा. कट-कट करणारा सेल्फ एकदम जोरात फिरला तर वेगळं काही तपासायची गरजच नाही.

दुरुस्ती करताना जुनी पट्टी साफ करून परत लावू नका, २००७ पासूनची आहे, तारा आतून हिरव्या पडून भुगा झालेल्या असतात. नवीन घ्या, निदान २५ स्क्वेअर एमएमची, थिंबल म्हणजे टोकाला बोल्ट जायची कडी दाबून बसवलेली, नुसती तार पिळून बोल्टखाली घातलेली नको. दोन्ही बाजूची जागा पॉलिश पेपरने घासा, रंग निघून पांढरं लोखंड चमकलं पाहिजे, मग थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट, आणि सगळं आवळून झाल्यावर वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळायचं नाही, बरेच जण तसं करतात. मी तर सांगेन बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनवर एक जादा वायर पण टाका, दीड-दोन फुटाचं काम आहे. आणि हात घालायच्या आधी बॅटरीचा मायनस काढून ठेवा, आल्टरनेटरच्या मागचा जाड नट चावी नसताना पण जिवंत असतो, पाना घसरून बॉडीला लागला की ठिणगी उडते आणि हातात अंगठी किंवा कडं असेल तर चटका हाडापर्यंत जातो.

लाल दिव्याचं पण सांगतो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून खूप जण फसतात. तो दिवा व्होल्ट मोजत नाही. त्याच्या एका बाजूला बॅटरीची लाईन, दुसऱ्या बाजूला आल्टरनेटरची, दोन्हीकडे साधारण सारखं आलं की तो विझतो. दोन्हीकडे १३.१ असलं तरी विझणार आणि १४.२ असलं तरी विझणार. हा, पण चावी दिल्यावर तो पेटलाच पाहिजे हे खरं, बऱ्याच जुन्या आल्टरनेटरना जागं व्हायला पहिला करंट त्या दिव्यातूनच मिळतो, दहा-वीस रुपयांचा बल्ब उडाला म्हणून आल्टरनेटर उतरवलेल्या गाड्या मी बघितल्यात.

आणि बॅटऱ्या का मेल्या? बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असेल तर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. गाडी चालू असताना तिला १३.८ ते १४.५ च्या मध्ये मिळालं पाहिजे, आल्टरनेटर खूप तापला की थोडं कमी होतं तेवढं सोडून द्या. तुमच्या बॅटरीला १३.१ मिळत होतं आणि ते पण रात्रीचे लाईट लावून. अर्ध्या पोटी ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते एकदा कडक झालं की परत विरघळत नाही. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या खराब नव्हत्या, गाडीनेच त्यांना उपाशी ठेवलं.

पट्टी टाकल्यावर चारही मापं परत घ्या. चौथं माप ०.२ च्या खाली आलं पाहिजे, आणि सेल्फ मारताना तेच माप अर्ध्या व्होल्टच्या खाली. मला कळवा.

प्रश्न : भाऊ, आमची द्राक्षाची बाग आहे, पिकअप दहा वर्षं जुनी. मिस्टर गेल्यापासून गाडीचं सगळं मीच बघते. रोज फिरली तर काही त्रास नाही, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी पूर्ण उतरते, लाईट पण पेटत नाही. ड्रायव्हरने टेप, मागे एलईडीच्या पट्ट्या, दोन मोठे हॉर्न बसवलेत. गॅरेजवाला म्हणतो आल्टरनेटर बदला. बदलू का?
*(एक वाचक भगिनी, ता. तासगाव)*

उत्तर : ताई, थांबा. चालत्या गाडीत त्रास नाही म्हणताय म्हणजे चार्जिंग बहुतेक होतंय, भरलेली बॅटरी उभ्या गाडीत कोणीतरी पितंय. हे दुखणं वेगळं.

कोणाला तरी समोर बसवून हे करून घ्या, किंवा तुम्हीच करा, अवघड नाही. चावी काढा, दारं लावा, केबिनचा दिवा बंद आहे ना ते बघा. बॅटरीचा मायनस काढा. मीटरची लाल वायर १० ॲम्पच्या भोकात घालून मीटर ॲम्पवर ठेवा, एक टोच काढलेल्या क्लिपला, दुसरी मायनस खुंटाला. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाईल. या वेळी चावी फिरवायची नाही, सेल्फ तर चुकून पण मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दहा मिनिटं थांबून आकडा वाचा. जुन्या पिकअपमध्ये टेपची मेमरी वगैरे धरून २०-३० मिलीॲम्प, म्हणजे मीटरवर ०.०२-०.०३ चालतं. ०.०५ च्या वर गेलं की शोधायचं. समजा ०.५ आलं, तर दिवसाचे २४ तास धरून १२ ॲम्पअवर गेले, ७० ची बॅटरी तीन दिवसांत निम्म्यावर, आणि ती जुनी असेल तर तेवढ्यात सेल्फ बंद. तुमच्या दोन-तीन दिवसांशी जुळतंय ना?

मग मीटर तसाच लावून एक-एक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्या लाईनवर. बाहेरून बसवलेला टेप आणि एलईडी आधी बघा, कारण असल्या वस्तू बरेचदा फ्यूज बॉक्स सोडून थेट बॅटरीवरून ओढलेल्या असतात, वायर पिळून वरून टेप गुंडाळलेली.

सगळे फ्यूज काढले, बाहेरच्या वस्तू सोडवल्या तरी आकडा हलला नाही, तर मात्र आल्टरनेटरकडे या. त्याची जाड वायर या फ्यूजमधून जात नाही. त्याच्या आत डायोडची प्लेट असते, डायोडचं काम करंट एकाच दिशेने सोडायचं, बाहेर येऊ द्यायचा पण आत शिरू द्यायचा नाही. एखादा डायोड शॉर्ट झाला की बॅटरी रात्रभर आल्टरनेटरच्या कॉइलमध्ये रिकामी होत राहते. मी शिकत होतो तेव्हा आमच्याकडे मीटर एकच, तो पण उस्तादांच्या कपाटात. उस्ताद पहाटे गॅरेज उघडलं की रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या आल्टरनेटरवर तळहात ठेवायला लावायचे. जानेवारीची थंडी, सगळं इंजिन बर्फासारखं, आणि आल्टरनेटर कोमट. तो कोमटपणा माझ्या हाताला अजून आठवतो. ते म्हणायचे, गाडी झोपलीय पण हा जागा आहे. तुम्ही पण गाडी उभी केल्यावर सहा-सात तासांनी, बॅटरी उतरायच्या आधी, हात लावून बघा. कोमट असेल तर डायोड प्लेट बदलायला सांगा. अख्खा आल्टरनेटर नव्हे, आतलं बाकी सगळं ठीक असेल तर फक्त प्लेट बदलून काम होतं.

मीटरने पण कळतं, गाडी चालू करून मीटर एसीवर ठेवायचा आणि बॅटरीवर टेकवायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड गेलाय. फक्त एक, काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीलाच फसून भलताच आकडा दाखवतात, टोच्या उलट्या करून परत मोजा, दोन्ही वेळा साधारण सारखंच आलं तरच खरं धरा.

प्रश्न : दर पंधरा दिवसांनी बॅटरीत पाणी टाकावं लागतं, वर ॲसिडचा ओलावा येतो, हेडलाईटचे बल्ब महिन्याला जातात. बॅटरीवाला म्हणतो उन्हामुळे.
*(एक वाचक, लातूर)*

उत्तर : उन्हाने पाणी थोडं जास्त लागतं पण बल्ब उन्हाने जात नाहीत. ही ओव्हरचार्जिंगची खूण आहे. रेस धरून बॅटरीवर मोजा, १५ च्या पुढे जात असेल तर कटआउट, म्हणजे आल्टरनेटरचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर, गेलाय. ज्या जुन्या गाड्यांत कटआउट आल्टरनेटरच्या बाहेर वेगळ्या डबीत आहे तिथे आधी त्या डबीचं अर्थिंग आणि तिच्याकडे येणारी चावीची लाईन तपासा, डबीलाच कमी व्होल्ट कळत असतील तर ती बिचारी आल्टरनेटरला अजून दे अजून दे म्हणत राहते. नुसतं डिस्टिल्ड वॉटर टाकत बसू नका. आणि तोपर्यंत त्या बॅटरीजवळ बिडी-काडी नको, उकळत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेटतो आणि बॅटरी फुटते, ॲसिड डोळ्यात गेलेला पोरगा मी दवाखान्यात घेऊन गेलेलो आहे.

प्रश्न : सहा महिन्यांत तीन वेळा कार्बन बदलले. उघडला की आत काळा चिखल. कार्बन डुप्लिकेट मिळतात का?
*(एक वाचक, ता. शाहूवाडी)*

उत्तर : तो चिखल म्हणजे कार्बनची भुकटी आणि इंजिन ऑईल. कार्बन कितीही चांगले टाका, ऑईलमध्ये भिजले की स्लिप रिंगवर, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या फिरत्या कड्यांवर ते घासतात तिथे, नीट टेकत नाहीत आणि झिजतात. ऑईल कुठून आलं ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत आल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, एकाच शाफ्टवर. त्या पंपाला इंजिनमधून ऑईलची बारीक नळी येते आणि परत जायला एक जाड नळी असते. मधलं सील गेलं, किंवा परतीची नळी वाकून-चोंदून ऑईल साठायला लागलं, की ते पुढे आल्टरनेटरमध्ये शिरतं. सील बदला, परतीची नळी फुंकून बघा, आल्टरनेटर पेट्रोलने नाही तर इलेक्ट्रिक क्लीनरने धुवून सुकवून मग कार्बन टाका. पुढच्या इंजिन सीलमधून किंवा टॅपेट कव्हरमधून टपकतंय का ते पण वरून बघून घ्या.

यातली दुसरी गोष्ट कार्बनपेक्षा फार मोठी आहे आणि डोंगराळ भागात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. पंप आल्टरनेटरच्या शाफ्टवर म्हणजे इंजिन ज्या पट्ट्याने आल्टरनेटर फिरवतं, पंप पण त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला की नुसतं चार्जिंग जात नाही, ब्रेकचा व्हॅक्यूम पण जातो. बूस्टरमध्ये, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यात, साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन ब्रेक लागतात, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण पूर्ण जोर देऊन, आणि मालाने भरलेली गाडी आंबा घाटात उतरताना तेवढा जोर सुचायला वेळ पाहिजे. चालत्या गाडीत लाल दिवा पेटला तर "मुक्कामाला पोचून बघू" करायचं नाही, घाट सुरू व्हायच्या आधी बाजूला घेऊन पट्टा बघायचा. जुन्या यांत्रिक पंपाची डिझेल गाडी चार्जिंग गेलं तरी दिवसा निवांत चालत राहते, म्हणूनच माणूस गाफील राहतो.

पट्टा तपासताना नुसता दाबून बघू नका. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर साधारण १०-१२ मिलीमीटर दबला पाहिजे हे ठीक, पण पुलीची खाच पण बघा. व्ही पट्टा खाचेच्या दोन कडांवर धरतो. खाचेचा तळ चकचकीत दिसला म्हणजे पट्टा झिजून तळाला टेकतोय, मग कितीही ताणा, पावसात तो घसरणारच, आणि जास्त ताणला तर बेरिंग जाईल.

प्रश्न : आमचा मेकॅनिक गाडी चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढतो, गाडी बंद पडली नाही तर म्हणतो आल्टरनेटर चांगला आहे. ही पद्धत बरोबर आहे का?
*(एक वाचक, पनवेल)*

उत्तर : नाही. हात जोडून सांगतो, करू देऊ नका. एक तर जुनी डिझेल गाडी आल्टरनेटर मेलेला असला तरी चालू राहू शकते, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. आणि चार्जिंग चालू असताना बॅटरी एकदम बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं, ते झेलायला बॅटरी नसते, मग डायोड, कटआउट, टेप, जे नाजूक असेल ते जातं. ही पद्धत डायनामोच्या काळातली आहे. त्या गाड्यांत डायोडच नव्हते, म्हणून तेव्हा निभावलं.

अंक छपाईला जाण्याआधी जुन्नरच्या दादांचा निरोप आला, तो पण देतो. पट्टी होती, गिअर बॉक्सच्या वरच्या बोल्टाला लावलेली. त्यांनी चासीकडचा बोल्ट काढला तर थिंबलखाली चासीचा काळा रंग जसाच्या तसा, फक्त बोल्टच्या आट्यांपुरतं लोखंड लागत होतं, आणि पट्टी हाताने वाकवली तर मधल्या तारा हिरव्या भुकटीसारख्या गळल्या. नवीन पट्टी आणि इंजिनवर एक जादा वायर टाकून मापं घेतली. आल्टरनेटरवर १४.२, बॅटरीवर १४.०, चौथं माप ०.०५. त्याच रात्री माळशेज उतरले, पाऊस होता, लाईट पांढरे होते. आता विचारतायत, ही दुसरी बॅटरी वाचेल का.

दादा, प्रयत्न करून बघू. गाडीवरून उतरवून चार्जरवर लावा, ७० ची असेल तर ६-७ ॲम्पवर दहा-बारा तास, हवेशीर जागी, झाकणं सैल करून. घाई करून वीस ॲम्पवर लावायला देऊ नका. मग बारा तास तशीच ठेवून खुंटांवर मोजा, १२.५ च्या वर टिकली तर आशा आहे. त्यानंतर हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिड किती जड आहे ते मोजणाऱ्या नळीने, सहाही घरांचं ॲसिड बघायला सांगा. पाच घरं १.२४० च्या आसपास आणि एकच घर १.१८० ला अडकलेलं असेल तर ते घर गेलं, तिच्यावर अजून पैसे घालू नका. सगळी घरं जवळजवळ सारखी असतील, थोडी खाली असली तरी, तर महिन्याने अजून एकदा असंच सावकाश चार्ज करा आणि तोपर्यंत जंपची केबल गाडीत ठेवा.